खाल्लेलं मीठ कोणाचं?

सॅन डिएगोच्या उत्तरेला मीरा मेसा नावाची वस्ती आहे. आम्ही गेली बरीच वर्षं तिथेच राहतो. ब्लॅक माउंटन रोडवर भारतीय किराणा, मिठाई, चाट, भुवया कोरून देणाऱ्या बायका, सगळं एका रांगेत. गाडीनं थोडं पुढे गेलं की फिलिपिनो बेकऱ्या आणि मासळीचा भलामोठा बाजार. थट्टेनं लोक या भागाला 'मनिला मेसा' म्हणतात. डोक्यावरून मिरामारच्या तळावरची लढाऊ विमानं जातात. नवा माणूस दचकतो. आम्ही बोलता बोलता वाक्य मध्येच थांबवतो आणि आवाज सरला की पुढे बोलू लागतो.

गल्ली एकच असली तरी इथवर येण्याच्या वाटा वेगळ्या. आमच्यातले बहुतेक जण एच-१बीचा शिक्का घेऊन विमानानं आले. फिलिपिनो घरांत मात्र जुना माणूस बोलायला लागला की गोष्ट हमखास अमेरिकन नौदलापाशी जाऊन पोचते. आमच्या कुंपणापलीकडचे काका फिलिपिन्समधल्या झांबालेस प्रांतातले. सगळी गल्ली त्यांना टीटो म्हणते, म्हणून आम्हीही. तिथल्या सुबिक बेच्या अमेरिकन तळावर ते भरती झाले, वीसएक वर्षं जहाजांवर काढली, 'चीफ' होऊन निवृत्त झाले आणि मग इथल्या पोस्टात लागले. त्यांच्या पत्नी, टीटा, नर्स होत्या. त्यांच्या पुतण्यानंही अमेरिकन नौदलाचाच गणवेश घातला.

काही वर्षांपूर्वी आमचा मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं, म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीसाठी ठेवलेल्या यादीचं, पत्र घरी आलं. अमेरिकेत राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला, नागरिक असो वा स्थलांतरित, ही नोंदणी करावी लागते. भरती नव्हे, नुसतं नाव लिहून ठेवायचं. तरी आमच्याकडे दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं. "आपला काय संबंध यांच्या लढायांशी?" हा बायकोचा प्रश्न. वास्तविक संबंध मीच जोडून बसलो होतो. नागरिकत्वाच्या शपथेत, कायद्यानं सांगितलं तर या देशासाठी शस्त्र धरीन, असं उजवा हात वर करून मी म्हटलं होतं. तेव्हा ते वाक्य पार्किंगच्या पावतीमागच्या बारीक मजकुरासारखं वाटलं होतं.

टीटोंना हे सगळं ऐकून हसू आलं. ते म्हणाले, "तुमच्या मुलाचं नाव यादीत गेलंय. आमच्या मुलांना त्या यादीत शिरता यावं म्हणून लोक रात्रभर दारात झोपायचे." पुढे मीच अनेकदा त्यांना तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडे कुणीही विचारेल: पण मग मन कुठे असायचं तुमचं? मनिलात की वॉशिंग्टनमध्ये? ते दरवेळी वेगळं उत्तर देत. एकदा म्हणाले, "जहाजावर असताना मन जेवणाच्या घंटेत असायचं." वाचता वाचता आणि त्यांचं ऐकता ऐकता मला वाटू लागलं की प्रश्न मी चुकीच्या माणसाला विचारतोय. निष्ठेचा जाब नेहमी शिपायाकडे मागितला जातो. ज्या देशांनी त्याला कामाला लावलं, त्यांच्याकडे तो कुणी मागत नाही.

फिलिपिन्सचा नकाशा तीनशेहून जास्त वर्षं स्पेनच्या हातात होता. १८९८ च्या जूनमध्ये एमिलिओ आगिनाल्दो यांनी कावितेतल्या कावित गावी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेननं ती बेटं दोन कोटी डॉलरना अमेरिकेकडे सोपवली. ज्यांची बेटं, त्यांना त्या टेबलावर खुर्ची नव्हती. फेब्रुवारी १८९९ मध्ये फिलिपिनो आणि अमेरिकन सैन्यांत युद्ध पेटलं. २३ मार्च १९०१ रोजी आगिनाल्दो इसाबेला प्रांतातल्या पालानान गावात पकडले गेले. त्यांना पकडायला जनरल फन्स्टननं नेलेली माणसं होती पांपांगा प्रांतातल्या माकाबेबे गावची. ती क्रांतिकारकांचे कपडे घालून गेली होती. १ एप्रिलला आगिनाल्दोंनी अमेरिकेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी हुकूम काढला की नौदलात पाचशे फिलिपिनो घ्यावेत. युद्ध अजून चालूच होतं.

माकाबेबेंना फिलिपिन्समध्ये फितुरांचं गाव म्हणून बोल लागतो. ते आधी स्पेनच्या चाकरीत होते, मग अमेरिकेच्या. पण क्रांतीचं नेतृत्व तागालोग भाषा बोलणाऱ्या मंडळींचं होतं, आणि त्यांच्या फौजेचा या गावाला आलेला अनुभव चांगला नव्हता. 'आपलं' म्हणावं असं राष्ट्र त्यांच्या दारी अजून आलेलंच नव्हतं. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कंपनीच्या बाजूनं लढलेल्या महार शिपायांबद्दल आपल्याकडे अजूनही जो वाद होतो, तो ज्यानं नीट ऐकलाय, त्याला माकाबेबेंची गोष्ट परकी वाटणार नाही. कुणाशी बेइमानी केली हे विचारण्याआधी, त्या कुणीतरी यांना काय दिलं होतं, ते विचारावं लागतं.

आणि कोण कुणाविरुद्ध, हे तरी कुठे सरळ होतं? १९०१ मध्येच अमेरिकन लष्करानं 'फिलिपाइन स्काउट्स' उभे केले: शिपाई स्थानिक, अधिकारी बहुतेक अमेरिकन. त्यातला होसे निस्पेरोस हा ला युनियन प्रांतातल्या सान फर्नांदोचा. २४ सप्टेंबर १९११ ला बासिलान बेटावर लापुरापजवळ त्याच्या तुकडीवर हल्ला झाला. डावा हात मोडलेला, अंगावर भाल्यांच्या जखमा, उभं राहता येईना. तरी एका हातानं तो बंदूक चालवत राहिला आणि सोबत्यांचे जीव वाचले. त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, मेडल ऑफ ऑनर. ते मिळवणारा तो पहिला आशियाई. आता समोर कोण होतं बघा: त्याच द्वीपसमूहातले मुस्लिम, ज्यांनी स्पेनलाही दाद दिली नव्हती आणि अमेरिकेलाही देत नव्हते. उत्तरेकडचा ख्रिस्ती इलोकानो दक्षिणेतल्या मोरोशी अमेरिकन झेंड्याखाली लढतोय. या प्रसंगात फिलिपिनो राष्ट्रनिष्ठा नेमकी कोणत्या बाजूला ठेवायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरं नाव आमच्या शहराशी जोडलेलं आहे. 'यूएसएस सॅन डिएगो' या युद्धनौकेवर तेलेस्फोरो त्रिनिदाद नावाचा बॉयलरवरचा फायरमन होता, मूळचा पानाय बेटावरचा. २१ जानेवारी १९१५ ला कॅलिफोर्नियाच्या आखातात जहाजाच्या बॉयलरचा स्फोट झाला. तो बाहेर फेकला गेला, पुन्हा आत शिरला, एका जखमी सोबत्याला बाहेर काढत होता, तेवढ्यात शेजारच्या बॉयलर खोलीत दुसरा स्फोट. तोंड भाजलं, तरी सोबत्याला दुसऱ्याच्या हाती देऊन आणखी एकाला वाचवलं. त्यालाही मेडल ऑफ ऑनर मिळालं. २०२२ मध्ये अमेरिकन नौदलानं एका नव्या विनाशिकेला त्याचं नाव द्यायचं जाहीर केलं.

या दोन तारखांच्या मधे, १९१५ आणि २०२२ च्या मधे, जे झालं ते अशा घोषणेत फारसं नसतं. त्रिनिदाद निदान बॉयलरपाशी तरी होता. पहिलं महायुद्ध संपलं आणि नौदलानं फिलिपिनोंसाठी एकच दार उघडं ठेवलं: अधिकाऱ्यांचं स्वयंपाकघर. आधी मेसबॉय, मग स्ट्युअर्ड. अधिकाऱ्यांचं जेवण शिजवायचं, वाढायचं, बिछाने घालायचे, बूट चकचकीत करायचे, कपड्यांना इस्त्री करायची. फिलिपिन्स १९४६ ला स्वतंत्र झाला, तरी ही रीत मोडली नाही. १९४७ च्या लष्करी तळांच्या करारात अमेरिकेला फिलिपिनो नागरिकांची भरती करता येईल असं कलम होतं, आणि पुढे वर्षाला आधी हजार, मग दोन हजार जणांपर्यंत नौदलात घ्यायचं ठरलं. परक्या, सार्वभौम देशाचे नागरिक, दुसऱ्या देशाच्या नौदलात, फक्त ताटं वाढायला. १९७० च्या सुमाराला अमेरिकन नौदलातले फिलिपिनो फिलिपिन्सच्या स्वतःच्या नौदलातल्या खलाश्यांपेक्षा जास्त होते, आणि त्यातले बहुसंख्य स्ट्युअर्ड. व्हाइट हाउसमधली भोजनव्यवस्थाही नौदलाकडे असते, त्यामुळे तिथेही पिढ्यान्‌पिढ्या फिलिपिनो स्ट्युअर्ड दिसत.

माझी आजी आजोबांबद्दल सांगताना म्हणायची, "खाल्ल्या मिठाला जागला हो." आजोबा साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. मीठ इंग्रजांचं होतं, त्याला ते जागले. टीटोंच्या बाबतीत ही म्हण नेमकी कशी लावायची ते मला कळत नाही, कारण तिथे मीठ वाढणारे हेच होते.

त्यांना मात्र त्या कामाची लाज नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नियम बदलला आणि फिलिपिनोंना इतर खात्यांत जाता येऊ लागलं. टीटो स्ट्युअर्ड होते ते हिशेबनीस झाले, जहाजाचा पगार वाटणारे. "ॲडमिरल कोणता मासा खात नाही, हे मला पाठ होतं. मग ॲडमिरलच्या पगारातून काय कापलं जातं, तेही पाठ झालं." दर महिन्याला मनिऑर्डर जायची. त्यातून धाकटी बहीण शिकली, सिमेंटचं घर झालं, चुलत्याची जीप आली. मी निष्ठेबद्दल विचारत असे तेव्हा ते या यादीपाशी येऊन थांबत. मला ते टाळाटाळ वाटायचं. आता नाही वाटत. माणूस ज्याच्यासाठी सकाळी उठतो त्याला निष्ठा म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

नौदलातल्या अशाच एका स्ट्युअर्डची मुलगी कॉनी मारियानो. जन्म फिलिपिन्समध्ये. वाढली नौदलाच्या तळांवर आणि शिकली आमच्या सॅन डिएगोत. नौदलात डॉक्टर झाली, थोरले बुश, क्लिंटन आणि धाकटे बुश या तीन राष्ट्राध्यक्षांची व्हाइट हाउसमधली डॉक्टर होती, आणि रिअर ॲडमिरल झाली. वडिलांनी ॲडमिरलांची ताटं वाढली, मुलगी स्वतः ॲडमिरल. आमच्या वस्तीत ही गोष्ट लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात. मला ती आवडते, पण तिच्या आधाराने सगळा हिशेब मिटवून टाकायला मी तयार नाही, कारण मधे १९४६ येतं.

त्याआधी थोडं कॅलिफोर्नियातलं. १९२० आणि ३० च्या दशकांत हजारो फिलिपिनो तरुण इथे लेट्यूस, ॲस्परॅगस तोडायला आले. ते तेव्हा ना नागरिक ना परदेशी, अमेरिकेचे 'नॅशनल्स' होते. स्टॉकटनच्या हॉटेलच्या दारावर फिलिपिनोंना सक्त मनाई असल्याची पाटी होती. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिलला गोऱ्या जमावानं त्यांच्यावर हल्ले केले, त्यात फेर्मिन तोबेरा नावाचा तरुण गोळी लागून मेला. १९३४ च्या कायद्यानं फिलिपिन्सला दहा वर्षांत स्वातंत्र्याचं वचन दिलं आणि त्याच कायद्यानं फिलिपिनोंना परदेशी ठरवून वर्षाला फक्त पन्नास जणांना प्रवेश ठेवला. गोऱ्या बाईशी लग्न करायला कॅलिफोर्नियात बंदी होती.

मग जपाननं पर्ल हार्बरवर आणि काही तासांत फिलिपिन्सवर बाँब टाकले. हेच शेतमजूर भरती कचेऱ्यांसमोर उभे राहिले, आणि नागरिक नाहीत म्हणून आधी परत पाठवले गेले. लवकरच नियम बदलला. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली फिलिपिनो इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली. ब्रीद होतं 'लागिंग उना', कायम आघाडीवर. ही माणसं बोलो, म्हणजे आपल्या कोयत्याची बहीण, घेऊन सराव करायची. फेब्रुवारी १९४३ मध्ये कॅम्प बीलच्या मैदानावर बाराशे जणांना एकाच वेळी नागरिकत्वाची शपथ दिली गेली. नागरिक झाले, तरी लग्नाचा कायदा तोच. तेव्हा त्यांच्या कर्नलनं शिपाई आणि त्यांच्या प्रेयसी बसमध्ये घालून न्यू मेक्सिकोतल्या गॅलपला पाठवल्या, कारण तिथे असं लग्न चालत होतं. मला हा कर्नल फार आवडतो. कायद्याशी भांडत बसला नाही, बस काढली.

पुढे ही रेजिमेंट लेयते आणि सामार बेटांवर उतरली. कित्येक जण पंधरा-वीस वर्षांनी मायदेशी परतत होते, पण परक्या गणवेशात. इथे मात्र 'कोणाचा शिपाई' हा प्रश्न कुणाला पडला नसावा, कारण दोन्ही देशांचा शत्रू एकच होता. अशा वेळी निष्ठा सोपी असते.

त्याच सुमारास फिलिपिन्समध्ये जे लढत होते त्यांची कथा वेगळी. जुलै १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी फिलिपिन्सची सगळी सेना जनरल मॅकआर्थरच्या हाताखाली अमेरिकन सेवेत बोलावली. अडीच लाखांच्या आसपास माणसं या ना त्या रूपात लढली: सैन्यात, स्काउट्समध्ये, पुढे गनिमी टोळ्यांत. ९ एप्रिल १९४२ ला बाताआनचं द्वीपकल्प जपान्यांच्या हाती पडलं. सुमारे पंचाहत्तर हजार कैदी, त्यातले साठ हजारांहून जास्त फिलिपिनो, भर उन्हात उपाशीतापाशी चालवत नेले गेले. हजारो वाटेत आणि नंतर कॅम्प ओडॉनेलच्या कैदी छावणीत मेले. जे वाचले त्यांतला एक होसे कालुगास: स्काउट्सच्या तोफखान्यातला मेस सार्जंट, म्हणजे पुन्हा स्वयंपाकघरच. जानेवारी १९४२ मध्ये तोफेवरची माणसं पडलेली बघून तो भांडी सोडून गोळ्यांच्या वर्षावात हजार यार्ड धावत गेला आणि तोफ पुन्हा सुरू केली. त्याचं मेडल ऑफ ऑनर त्याला प्रत्यक्ष मिळायला १९४५ उजाडलं, कारण मधली वर्षं कैदेत आणि लपूनछपून गेली.

या सगळ्यांना अमेरिकन सैनिकांसारखेच लाभ मिळतील, अशी समजूत दिली गेली होती. १८ फेब्रुवारी १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी एका कायद्यावर सही केली. त्यात फिलिपाइन सेनेसाठी वीस कोटी डॉलरची तरतूद होती आणि सोबत एक कलम: या सेनेतली सेवा, हक्क आणि सवलतींपुरती, अमेरिकेची सक्रिय लष्करी सेवा मानली जाणार नाही. देश चार-पाच महिन्यांत स्वतंत्र होणारच होता आणि लाभ दिले असते तर अब्जावधी डॉलरचा बोजा आला असता. सही करताना ट्रुमन यांनी असंही म्हटलं की यामुळे अमेरिकेची नैतिक जबाबदारी संपत नाही. नैतिक जबाबदारीवर धान्य मिळत नाही, हे वेगळं.

ती तारीख वाचून मी थांबलो. १८ फेब्रुवारी १९४६. मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर, निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिवीगाळीवरून भारतीय नाविकांनी संप केला, तो याच दिवशी. बघता बघता बंड मुंबई बंदरातल्या जहाजांवर आणि कराचीपर्यंत पसरलं; गिरणी कामगार रस्त्यावर आले. एका टोकाला साम्राज्याचे नाविक ताट लोटून देत होते आणि दुसऱ्या टोकाला साम्राज्य लेखणीच्या एका फटकाऱ्यानं आपल्या शिपायांना 'तुम्ही आमचे नव्हताच' असं सांगत होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या डोक्यात त्या शेजारी बसल्या आहेत आणि उठायला तयार नाहीत. फिलिपिनोंनी ताट कधी लोटलंच नाही असंही नाही. १९२४ मध्ये मनिलाजवळच्या फोर्ट मॅकिन्लीत स्काउट्सनी अमेरिकन शिपायांइतका पगार मागत कवायतीला नकार दिला होता आणि दोनशेहून जास्त जणांना शिक्षा झाल्या होत्या.

आजोबांची पेन्शन १९४७ नंतर भारत सरकारनं चालू ठेवली. साहेब गेला, नवा देश त्या मिठाला जागला. बाताआनच्या माणसांना मधल्या दरीत सोडून दिलं गेलं. जुना मालक म्हणाला तुम्ही त्यांचे, आणि नवा देश युद्धानं इतका उद्ध्वस्त होता की त्याला अमेरिकेची पेन्शन परवडणं शक्यच नव्हतं.

१९९० मध्ये कायदा झाला आणि या म्हाताऱ्यांना अमेरिकन नागरिकत्व घेता येऊ लागलं. कित्येक जण सत्तरी ओलांडून इथे आले, एकेका खोलीत चार-पाच जण राहिले. १९९७ मध्ये काहींनी व्हाइट हाउसच्या कुंपणाला स्वतःला साखळीनं बांधून घेतलं. २००९ मध्ये एकरकमी भरपाई मंजूर झाली: अमेरिकन नागरिक असेल तर पंधरा हजार डॉलर, नसेल तर नऊ हजार. हा सहा हजारांचा फरक माझ्या गळ्याखाली उतरत नाही. लढताना दोघांच्या अंगावर एकच गणवेश होता. शिवाय पैसे घेतले की पुढचा दावा संपला. आणि आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून जास्त नाकारले गेले. सेंट लुईसमधल्या सरकारी याद्यांत नाव सापडलं नाही, म्हणून. जंगलात लपून लढणाऱ्या टोळीत रोज हजेरीपट कोण ठेवणार होतं?

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कॅपिटलमध्ये त्यांना अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक दिलं गेलं. ते मिळावं म्हणून झटणाऱ्यांच्या पुढे होते निवृत्त मेजर जनरल अँटोनिओ तागुबा. जन्म मनिलाचा, अकराव्या वर्षी हवाईत आले. वडील स्काउट्समधले, बाताआनच्या त्या पायपिटीतून वाचलेले. त्यांची युद्धकैदी म्हणून दखल घेतली गेली ती अर्धशतकानंतर. हे तेच तागुबा, ज्यांनी २००४ मध्ये इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगातल्या छळाचा अहवाल लिहिला. आपल्याच सैन्यानं कैद्यांवर केलेले अत्याचार त्यांनी काहीही न लपवता नोंदवले. जपान्यांच्या कैदेतून वाचलेल्याच्या मुलानं अमेरिकनांच्या कैदेतल्यांबद्दल खरं लिहिलं. २००७ च्या सुरुवातीला ते निवृत्त झाले. निवृत्त व्हायला सांगितलं गेलं, असं त्यांनी नंतर जाहीर केलं. स्थलांतरिताच्या निष्ठेवर शंका घेणाऱ्यांना मी हा माणूस दाखवतो. शपथ त्यानं जशी घेतली तशी पाळली, आणि ज्यांना ती अडचणीची झाली ते जन्मानं अमेरिकन होते.

फिलिपिन्सच्या बाजूचा कायदाही बघण्यासारखा आहे. १९३६ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात, परदेशी सैन्यात सेवा केली तर नागरिकत्व जातं असं कलम आहे. पण ज्या देशाशी संरक्षण करार आहे किंवा ज्याचं सैन्य परवानगीनं फिलिपिन्सच्या भूमीवर आहे, त्याच्यासाठी अपवाद. अपवादावर नाव कुणाचं ते लिहायची गरज नव्हती. १९८७ ची राज्यघटना म्हणते, दुहेरी निष्ठा राष्ट्रहिताला बाधक आहे. आणि त्याच देशाचे राज्यकर्ते परदेशात राबणाऱ्यांना 'नवे वीर' म्हणतात, कारण ते वर्षाला तीस अब्ज डॉलरहून जास्त पैसे घरी पाठवतात. २००३ च्या कायद्यानं परदेशी नागरिक झालेल्यांना, ते नागरिकत्व न सोडता, आपलं नागरिकत्व परत घ्यायची वाट उघडली. आपल्याकडे ती वाट नाही; मी भारताचा पासपोर्ट परत केला तेव्हा त्यावर रद्दचा शिक्का मारून हातात ठेवला गेला.

१९९१ च्या जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला. त्याच दिवशी वादळ आलं, राख भिजून जड झाली आणि झांबालेस, पांपांगातली छपरं कोसळली. अमेरिकन नौदलानं सुबिकवरून हजारो लष्करी कुटुंबं जहाजांत भरून सेबूला नेली. टीटो त्यातल्या एका जहाजावर होते. अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना, कुत्र्यांच्या पिंजऱ्यांसकट, त्यांनी शिडीवरून हात देऊन वर घेतलं. त्यांची आई किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या गावात होती. ती वाचली, पण ते त्यांना बऱ्याच दिवसांनी कळलं. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी तक्रार शोधत होतो, एवढं खरं. तीन महिन्यांनी फिलिपिन्सच्या सिनेटनं बारा विरुद्ध अकरा मतांनी तळांचा नवा करार फेटाळला, पुढच्या वर्षी सुबिक रिकामं झालं आणि फिलिपिनोंची ती भरतीही बंद पडली. तुम्ही कुणाच्या बाजूचे होता, असं विचारल्यावर टीटो म्हणाले, "सिनेटचं बरोबरच होतं. पण माझ्या भावाची तळावरची नोकरी गेली."

आता वारं फिरलंय. झांबालेसच्या समोरच्या समुद्रात स्कारबरो शोलपाशी तिथल्या कोळ्यांना चिनी तटरक्षक पिटाळून लावतात, आणि ज्या किनाऱ्यावरून अमेरिकनांना घालवलं, तिथेच २०२३ च्या 'बालिकातान' सरावात दोन्ही सैन्यांनी मिळून एक जुनं जहाज बुडवलं. टीटोंच्या गावच्या कोळ्यांना ते आवाज आवडले, असं त्यांचा भाऊ फोनवर म्हणाला. सध्या दोन्ही देशांचं जमतंय, म्हणून पुतण्याला कुणी काही विचारत नाही. उद्या बिनसलं तर विचारतील, आणि ते बिनसवण्यात त्याचा काडीचा हात नसेल.

या पुतण्याची एक गंमत आहे. तो तरुणपणी इथे आला, नौदलात असतानाच अमेरिकन झाला, मग २००३ च्या कायद्यानं फिलिपिन्सचं नागरिकत्वही परत घेतलं. पण त्याच कायद्यात एक अट आहे: ज्या देशाचं नागरिकत्व घेतलं, त्याच्या सैन्यात अधिकारी किंवा पेटी ऑफिसरच्या दर्जावर चालू सेवेत असाल, तर फिलिपिन्सच्या निवडणुकीत मत देता येत नाही. निवृत्त माणसाला ही अट लागू नाही. त्यामुळे मे २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लॉस एंजेलिसच्या वकिलातीतून मतपत्रिका आली ती फक्त टीटोंच्या नावानं.

त्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. उमेदवारांपैकी पुतण्या लेनी रोब्रेदोंच्या बाजूचा, टीटो धाकट्या मार्कोसच्या, म्हणजे जुन्या हुकूमशहाच्या मुलाच्या. पुतण्यानं थोरल्या मार्कोसचा मार्शल लॉ काढला, टीटोंनी त्या काळातले रस्ते काढले. टीटांनी दोघांच्या मध्ये लुंपियाचं ताट ठेवलं, त्यानं काही झालं नाही. "तुम्ही इथं राहता, पेन्शन इथली खाता, आणि तिथला राष्ट्राध्यक्ष ठरवता," पुतण्या म्हणाला. "तू तिथल्या समुद्रात तोफा उडवतोस, तुला तरी कुठे विचारतात," टीटो म्हणाले. मग चष्मा लावून त्यांनी एकेक गोल सावकाश भरला, पाकीट चिकटवलं आणि चपला घालून निघाले. पोस्टमन सकाळी दारात येतो, त्याच्याकडे द्या, असं मी सुचवलं. इतकी वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला ते पटण्यासारखं नव्हतं; मुख्य कचेरीच्या पेटीत स्वतःच्या हातानं टाकायचं म्हणून ते गाडी काढून गेले, आणि पुतण्या मागून ओरडला, "हरवलं तरी चालेल!"